जुन्या घरात ‘डस्टलेस पेंटिंग’: भिंतीला चालेल, खिडकीला नाही

मुंबईच्या जुन्या इमारतींमध्ये रंगकामासाठी ‘डस्टलेस’ पॅकेज घेण्याची पद्धत आता रुळली आहे. माणसं येतात, सामानावर प्लास्टिक टाकतात, व्हॅक्युमचा पाइप जोडलेल्या मशीनने भिंत घासतात आणि संध्याकाळी लादी पुसून देतात. पुट्टी घासताना घरभर उडणारी पांढरी भुकटी यात खरंच कमी होते. नव्या फ्लॅटसाठी ही सेवा पैसे वसूल आहे. पण १९४०च्या आधीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीतल्या सागवानी खिडक्यांवर ऑइलपेंटचे पाच-सात हात चढलेले असतात. तिथे धूळ किती दिसते यापेक्षा त्या धुळीत विषारी शिसं किती हे महत्त्वाचं, आणि या कसोटीला ही सेवा, आज विकली जाते तशी, उतरत नाही.

आधी शिसं कुठे असतं ते बघू. चुना आणि साध्या डिस्टेंपरची फारशी चिंता नाही. धोका ऑइलपेंटमध्ये आहे: दारं, खिडक्या, जिन्याचा कठडा, स्वयंपाकघरातला कमरेएवढा पट्टा. जुना सफेदा बहुतेकदा शिशाचाच. पिवळा, नारिंगी आणि हिरवा रंग चकचकीत दिसावा म्हणून त्यात लेड क्रोमेट घालत, आणि रंग लवकर सुकावा म्हणूनही शिशाची संयुगं वापरत. लोखंडी गजांवर शेंदराचा पहिला हात मारलेला असू शकतो. तोही शिशाचा. रेड ऑक्साइड मात्र लोखंडाचा. दोन्ही तांबडे, त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबू नका. केंद्र सरकारच्या २०१६च्या नियमांनी घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (वजनाने दहा लाखांत ९० भाग) केली, आणि ती १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीचा कुठलाही ऑइलपेंट तपासल्याशिवाय घासू नये.

पॅकेजवाल्यांच्या पाहणीत ओल मोजतात, भेगा बघतात, क्षेत्रफळ काढतात. शिशाची तपासणी त्यात सहसा नसते. ही सेवेतली पहिली उणीव. ऑनलाइन मिळणाऱ्या टेस्ट स्वॅबने (शिसं लागलं की रंग बदलणारी बोळ्याची काडी) ती काही अंशी भरून निघते, पण स्वॅब नीट वापरला तरच. वरच्या थरावर घासून उपयोग नाही, कारण वरचा हात बहुतेक वेळा अलीकडचा असतो. धारदार ब्लेडने लाकडापर्यंत तिरका छेद घ्या, म्हणजे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाखाली एक दिसतात: वर क्रीम, खाली हिरवा, त्याखाली राखाडी, तळाला पिवळट पांढरा. स्वॅब पाण्यात किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून (पाकिटावर जे लिहिलं असेल त्यात) या सगळ्या थरांवर अर्धा मिनिट घासा. गुलाबी किंवा लाल झाला तर शिसं आहे.

तो पिवळाच राहिला तर? मग स्वॅब जिवंत आहे का ते आधी तपासा. चांगल्या किटमध्ये शिशाचा ठिपका असलेलं कार्ड येतं, त्यावर घासल्यावर लाल व्हायलाच हवा. प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी मिसळली की रंग उमटायला उशीर लागतो किंवा उमटतच नाही. लाल रंगाची खिडकी असेल तर रंगच स्वॅबला लागतो आणि निकाल फसवा येतो. शिवाय हे स्वॅब ‘शिशाचा रंग’ कशाला म्हणायचं याच्या अमेरिकेतल्या व्याख्येच्या, म्हणजे वजनाच्या ०.५ टक्के शिशाच्या, अंदाजाने बनवलेले असतात. ०.५ टक्के म्हणजे ५,००० पीपीएम, आपल्या मर्यादेच्या पंचावन्न पट. त्यामुळे ‘लाल झाला’ हा निकाल कामाचा आहे, ‘लाल झाला नाही’ हा नाही.

खात्री हवी तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्या. साधारण पाच बाय पाच सेंटीमीटरचा रंग, सगळ्या थरांसकट पण खालचं लाकूड न घेता, झिपच्या पिशवीत भरा. लाकूड मिसळलं तर आकडा कमी येतो. खिडकी, दार, कठडा आणि स्वयंपाकघर यांचे नमुने वेगवेगळे ठेवा. एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) रंग न खरवडता सगळ्या थरांखालचं शिसंही मोजता येतं. पूर्ण इमारतीची दुरुस्ती असेल तर सोसायटीने तेच मागवावं.

आता मशीन. गोल घासणीच्या चकतीला भोकं असतात आणि त्यातून धूळ पाइपात ओढली जाते. पॉलिश पेपरची भोकं चकतीच्या भोकांवर बरोबर बसली नाहीत तर बरीच धूळ बाहेरच राहते, आणि घाईत पेपर बदलताना हे सर्रास होतं. त्याहून मोठा प्रश्न फिल्टरचा. साध्या व्हॅक्युममधून शिशाची बारीक धूळ पार होऊन मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा हेपा फिल्टर असेल तरच चालेल. विक्रेता ‘हेपा टाइप’ म्हणाला तर ते हेपा नव्हे. पिशवी कुठे रिकामी करतात तेही विचारा. गॅलरीत झटकली तर खालच्या मजल्यावरच्या मुलांच्या वाट्याला जाते.

पण हे सगळं झालं सपाट भिंतीचं. खिडकीच्या खाचा, झडपेच्या फळ्या, बिजागऱ्यांभोवतीची जागा, गजांचे कोपरे इथे मशीन पोचतच नाही. तिथे माणूस पत्रा आणि ऐंशी नंबरचा पेपर घेऊन कोरडंच घासतो, तोंडाला रुमाल बांधून. म्हणजे शिसं जिथे सर्वांत जास्त, तिथेच ‘डस्टलेस’ हा शब्द संपतो. एक टक्का शिसं असलेल्या रंगाची एक ग्रॅम भुकटी, म्हणजे चिमूटभर, यात १०,००० मायक्रोग्रॅम शिसं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२४मध्ये काम संपल्यानंतर जमिनीवरच्या धुळीत उरणाऱ्या शिशाची मर्यादा चौरस फुटाला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. त्या हिशेबाने ही चिमूट दोन हजार चौरस फूट घराला पुरते.

म्हणून खिडक्यांसाठी वेगळा करार करा. खोली रिकामी, दाराला प्लास्टिकचा पडदा, पंखा आणि एसी बंद, जमिनीवर दीडशे मायक्रॉनचं प्लास्टिक खिडकीपासून निदान सहा फूट. फवाऱ्याने पाणी मारत ओलंच खरवडायचं. कोरडं पडलं की थांबून पुन्हा फवारा. कारागिराला पी१०० फिल्टरचा (बारीक धूळ अडवणारा) मास्क, वेगळे कपडे, आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं सक्तीचं. सहा वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाई काम संपेपर्यंत घरात नकोत. ब्लो लॅम्पने रंग जाळू देऊ नका, त्याने शिशाचा धूर होतो. मिथिलीन क्लोराइडचं पेंट रिमूव्हर बंद बाथरूममध्ये जीव घेऊ शकतं. कॉस्टिकची पेस्ट काम करते, पण सागवान काळवंडतं आणि नंतर व्हिनेगरच्या पाण्याने धुवावं लागतं. नाहीतर महिन्याभरात नवा रंग फुगतो.

रंग घट्ट असेल आणि कुठे घासला जात नसेल तर तो काढूच नका. भिंतीचा जुना पट्टा वर प्राइमर आणि नवा रंग देऊन झाकणं हेच शहाणपण. सरकत्या किंवा आपटणाऱ्या झडपेवर मात्र झाकणं टिकत नाही, कारण प्रत्येक उघडझापीत धूळ पडते. किडलेली झडप बदलणं तिथे खरवडण्यापेक्षा सुरक्षित, आणि अनेकदा स्वस्तही.

साफसफाईत केरसुणी नको. हेपा व्हॅक्युम, मग दोन बादल्यांत ओलं पुसणं (एकीत साबणाचं पाणी, दुसरीत स्वच्छ), मग पुन्हा व्हॅक्युम. खरवड जाड पिशवीत, तोंड पिळून दोरीने बांधून. कुंडीत किंवा अंगणातल्या मातीत अजिबात नाही. कोटेशनमध्ये हेपाचं मॉडेल, ओलं खरवडणं आणि शेवटच्या दिवशी जमीन व खिडकीचा कट्टा पुसून घेतलेल्या धुळीच्या नमुन्याची तपासणी लिहून घ्या, आणि उरलेले पैसे प्रयोगशाळेचा अहवाल हातात आल्यावरच द्या.