एनपीटेल, व्हर्च्युअल लॅब की स्पोकन ट्युटोरियल?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला शिकवताय, संगणकाची जोड द्यायची आहे आणि तासिका तर वाढणार नाहीत. तिन्ही ऑनलाइन साधनं शिकण्यासाठी फुकट आहेत, म्हणून तिन्ही एकदम सुरू करावीशी वाटतात. तसं करू नका. मुलं नेमकी कुठे अडतात, ते आधी बघा.

सिद्धांत कच्चा असेल तर एनपीटेल. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीने (भारतीय विज्ञान संस्था) २००३ मध्ये सुरू केलेला हा व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम विषयाच्या खोलीत इतर दोघांच्या खूप पुढे आहे. पण चार ते बारा आठवडे नेटाने व्याख्यानं ऐकायची, दर आठवड्याला असाइनमेंट करायची आणि प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यायची, हे सगळ्यांना झेपत नाही. वर्गातल्या होतकरू मुलांना जरूर सुचवा. अख्ख्या वर्गावर लादू नका.

प्रॅक्टिकलला मुलं नुसती रीडिंग उतरवत असतील तर व्हर्च्युअल लॅब, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायचे प्रयोग. डायोडचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचा प्रयोग घ्या. पडद्यावर व्होल्टेज हळूहळू वाढवलं की सिलिकॉनच्या डायोडमधून ०.७ व्होल्टच्या आसपास प्रवाह वाहू लागतो, जर्मेनियमच्या डायोडमधून ०.३ च्या. कितीही वेळा करा, काही जळत नाही. शिवाय प्रयोगाआधी आणि नंतर छोटी प्रश्नावली असते. मात्र तिथे वायर कधी सैल नसते आणि डायोड उलटा लागला म्हणून अर्धा तास शोधत बसावं लागत नाही. ते शोधणं हेच तर इंजिनिअरिंग! म्हणून प्रॅक्टिकलच्या ऐवजी नको, प्रॅक्टिकलच्या आधी वापरा.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचं काम वेगळं, सॉफ्टवेअर शिकवण्याचं. गणिती आकडेमोडीचं सायलॅब, प्रोग्रामिंगची भाषा पायथॉन वगैरे. साधारण दहा मिनिटांचे धडे, अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर आपलं काम. अनेक धडे मराठीतही आहेत. मराठी माध्यमातून आलेलं, वर्गात शंका विचारायला बिचकणारं मूल ते पुन्हा पुन्हा ऐकू शकतं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

माझा कौल व्हर्च्युअल लॅबला, आणि सुरुवात डायोडपासूनच करा. पडद्यावरचा आणि ब्रेडबोर्डवरचा (म्हणजे प्रत्यक्ष जोडणीचा), व्होल्टेज-प्रवाहाचे दोन्ही आलेख जर्नलच्या एकाच पानावर काढायला लावा. ओरलला विचारा, ते तंतोतंत जुळत का नाहीत?