रात्रीसाठी डायपर की कमोड खुर्ची?

हा प्रश्न मधल्या अवस्थेतल्या म्हाताऱ्या माणसांचा आहे. माणूस अंथरुणाला खिळलेला नसतो; धरून उठवलं तर उभा राहतो, दोन पावलं टाकतो. पण रात्री संडासापर्यंत जाणं झेपत नाही आणि लागल्यावर दम धरवत नाही. मग घरात दोन मतं पडतात. एकजण म्हणतो डायपर लावा, सगळ्यांची झोप होईल. दुसरा म्हणतो पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवा, म्हणजे बैठकीला भोक आणि त्याखाली काढता येणारं भांडं असलेली खुर्ची.

डायपरच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. अर्धवट झोपेतल्या माणसाला अंधारात उभं करणं म्हणजे पडण्याला आमंत्रण, आणि डायपरने ते टळतं. सांभाळणारी व्यक्तीही सत्तरीची असेल, तर एवढ्या एका मुद्द्यावर निकाल लागू शकतो. शिवाय डायपरच्या निम्म्या तक्रारी खरं तर लावण्याच्या पद्धतीच्या असतात. माप नुसत्या कमरेचं घेऊन चालत नाही, नितंबांचा सर्वांत रुंद घेरही मोजावा लागतो. ‘सैल असलेला बरा’ म्हणून एक माप मोठा आणला की तो जांघेतून गळतो. आतल्या बाजूच्या, गळती अडवणाऱ्या दोन्ही झालरी बोटाने उभ्या केल्या नाहीत, तर चादर भिजणारच. पुरुषांचं इंद्रिय खालच्या दिशेला ठेवलं नाही, तर लघवी पोटाकडून बाहेर येते. आणि एकावर एक दोन डायपर लावण्यात काही अर्थ नाही: आतल्याची पाठ प्लास्टिकची, तो भरला की बाहेरच्यापर्यंत काही पोचत नाही, सगळं बाजूने ओघळतं.

खरी अडचण कातडीची. ओलाव्याने ती मऊ पडते, लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, आणि त्यात शौच मिसळलं की त्यातली पाचक द्रव्यं कातडी अक्षरशः सोलतात. म्हणून शौच झालं की ताबडतोब, आणि नुसती लघवी असेल तर साधारण ३ ते ४ तासांनी डायपर बदलावा लागतो. ‘रात्रभर टिकणारा’ डायपर टिकतो तो चादरीच्या दृष्टीने. पुसताना पुढून मागे, टिपून, घासायचं नाही. झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर पातळच हवा. जाड लेप डायपरच्या वरच्या पापुद्र्याला चिकटतो आणि मग शोषणंच बंद पडतं. पावडर टाळलेली बरी, घामाने तिचे जांघेच्या घडीत गोळे होतात. एवढं सगळं नीट करायचं, तर रात्रीतून एकदा उठणं आलंच. म्हणजे झोपेचा जो फायदा मोजून डायपर आणला, त्यातला बराचसा तिथेच गेला.

तरी माझा खुर्चीकडचा कल यावरून ठरला नाही. तो ठरला एका वाक्यावरून: ‘डायपर आहे ना, त्यातच करा.’

हे वाक्य कोणी दुष्टपणाने बोलत नाही. दमलेली मुलगी बोलते, सून बोलते, रात्रपाळीच्या मावशी बोलतात. आधी ते रात्री दोन वाजता ऐकू येतं, तेव्हा समजण्यासारखंही असतं. पण लवकरच ते दुपारी चार वाजता यायला लागतं, माणूस जागा असताना, ‘मला जायचंय’ असं स्वच्छ सांगत असताना. अशी काही उत्तरं मिळाली की माणूस हाक मारायचं सोडतो. लघवीची जाणीव शाबूत असते, थोडा वेळ धरून ठेवायची ताकदही असते. वापर थांबला की तीही ओसरते. पायांचं तसंच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वयस्कांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांचं सुमारे एक किलो मांस कमी झालं. आधीच अशक्त असलेल्यांना दिवसातून सहा-सात वेळा लघवीसाठी उठून बसणं हाच बहुतेक वेळा एकमेव व्यायाम असतो, आणि तोच डायपर काढून घेतो. वर, भेटायला आलेल्यांना ‘आता डायपरवर आहेत’ हे त्यांच्या देखतच सांगितलं जातं, जणू त्यांना ऐकू येत नाही. मग ते पाणी कमी प्यायला लागतात. लघवी घट्ट होते, मूत्राशय आणखी चिडतं, बद्धकोष्ठ होतो, आणि बद्धकोष्ठाने लघवीची घाई वाढते.

खुर्चीचा त्रास वेगळा आणि उघड असतो: वास येतो, भांडं कोणीतरी उचलावं लागतं, झोपायच्या खोलीत ती वस्तू डोळ्यांना खुपते. भांड्यात आधीच पेलाभर पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून ठेवले, तर तळाला काही चिकटत नाही आणि वासही दबतो. झाकण हवंच, आणि भांडं बाजूने निघणारं बघावं. पुढून निघणारं भांडं काढायला माणसाला आधी उठवून बाजूला करावं लागतं, आणि घाई नेमकी तेव्हाच असते.

पलंगाशेजारी ठेवायला बिनचाकांची खुर्ची घ्यावी, असं मला वाटतं. ब्रेक लावूनही चाकं गुळगुळीत फरशीवर सरकू शकतात. घडीची अगदी हलकी खुर्ची एकाच हातावर जोर दिला की कलंडते. म्हणून पाय खाली रुंद पसरलेले हवेत आणि पाठ भिंतीला टेकलेली. बैठकीची उंची अशी असावी की तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. बहुतेकांना ती ४५ सेंटीमीटरच्या आसपास बसते. पायांच्या रबरी टोप्या झिजून गुळगुळीत होतात, त्या अधूनमधून उलटून पाहायच्या.

खुर्ची पलंगाला तिरकी लावायची, पक्षाघात झालेला असेल तर चांगल्या बाजूला. उठवल्या उठवल्या उभं करायचं नाही. मिनिट-दोन मिनिटं पाय खाली सोडून बसू द्यायचं, नाहीतर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. काखेत हात घालून ओढू नये, खांदा दुखावतो. कमरेला पट्टा बांधून तो धरावा. पायात नुसते मोजे नकोत. दहा-पंधरा मिनिटांहून जास्त बसवून ठेवलं तर बैठकीची कड मांड्यांना रुतून पाय बधिर होतात, आणि बधिर पायांवर उभं करणं म्हणजे ठरवून पाडणं.

रात्रीच्या फेऱ्या संध्याकाळपासूनच कमी करता येतात. पायांना सूज असेल, तर दुपारी तास-दोन तास पाय उंचावर ठेवायचे, म्हणजे ते पाणी रात्रीऐवजी आधी उतरतं. पाणी दिवसभरात भरपूर, झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत घोट-घोट. लघवीची गोळी सकाळकडे आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. झोपताना एकदा बसवायचं, मग रोज लागते त्याच्या थोडं आधी आपणहून उठवायचं. हाकेची वाट पाहिली की घाई होते आणि घाईत पाय घसरतो. फेऱ्या अचानक वाढल्या किंवा जळजळ सुरू झाली, तर वयाच्या खात्यावर टाकू नका, तपासणी करून घ्या.

पुरुषांना रात्रीपुरतं लघवीचं भांडं अंथरुणात बसूनही पुरतं. त्यांची अर्धी अडचण तिथेच मिटते.

डायपरच बरा, अशीही घरं आहेत. बसल्यावर तोल राहत नसेल, मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया व्हायची असेल, जुलाब सुरू असतील, किंवा स्मृतिभ्रंशात खुर्ची कशासाठी आहे हेच उमगत नसेल, तर हट्ट धरू नये. लांबच्या प्रवासातही खुर्ची निरुपयोगीच. खुर्ची असूनही मनाच्या धीरासाठी कोणी डायपर मागितला, तर चड्डीसारखा ओढून घालायचा प्रकार द्यावा. तो खाली सरकवून बसता येतं; टेपचा दर वेळी आडवं करून सोडायचा आणि पुन्हा लावायचा म्हटलं, की सांभाळणारा दुसऱ्याच दिवशी कंटाळतो.