एचसी-०५ आठ महिने सिरियल केबलच्या जागी: खरा प्रश्न सीटीएसचा

एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल सिरियल केबलची जागा घेते असे सर्रास म्हटले जाते. नऊ पिनांच्या कनेक्टरमधल्या तीनच पिनांचे काम ते करते: २ आणि ३ (डेटा), ५ (ग्राउंड). ‘तयार आहे’, ‘पाठव’ असे इशारे देणाऱ्या उरलेल्या सहांना (कंट्रोल लाइन) ते हातही लावत नाही, आणि आठ महिन्यांत जो काही त्रास झाला तो या सहांमुळेच.

सेटिंगमध्ये फारसे अवघड काही नाही. बटण दाबून धरून सप्लाय द्यायचा, ३८४०० बॉडवर एटी आज्ञा (मॉड्यूलच्या सेटिंगच्या मजकुरी आज्ञा) द्यायच्या, प्रत्येक आज्ञेच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही ओळ संपवणारी दोन्ही अक्षरे. आरएक्स (डेटा घेणारी) पिन ३.३ व्होल्टची आहे. आरएस-२३२ (सिरियल पोर्टची व्होल्टेज-पद्धत) आणि मॉड्यूल यांच्यामध्ये मॅक्स३२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप हवीच, ती ३.३ व्होल्टवर चालवली की वेगळ्या व्होल्टेज डिव्हायडरची गरज पडत नाही.

सहा पिनांवरचा नेहमीचा तोडगा सर्वांना माहीत आहे: यंत्राच्या बाजूला ७ आणि ८ शॉर्ट, १-४-६ शॉर्ट. वजनकाटा, जुना प्रिंटर, डेटा लॉगर लगेच बोलू लागतात. पहिल्या तीन महिन्यांचे मत असे होते की एवढ्यावर भागते. ते मत आता बदलले आहे. या शॉर्टमुळे यंत्राला स्वतःचाच आरटीएस (पिन ७, ‘पाठवू का’) सीटीएस (पिन ८, ‘पाठव’) म्हणून परत मिळतो, म्हणजे समोर कोणी नसले तरी त्याला ‘पाठव’ असेच दिसते. ब्लूटूथ तुटलेले असताना वजने निघत राहतात, कुठेच पोहोचत नाहीत आणि एररही येत नाही. नोंदींमध्ये भोक पडले आहे हे हिशेब जुळवतानाच कळते.

यावरचा इलाज मॉड्यूलवरच आहे: स्टेट पिन. जोडणी झाली की ती हाय होते, तुटली की लो. मॅक्स३२३२ मध्ये दोन ड्रायव्हर (सिग्नल बाहेर पाठवणारे भाग) असतात. एक डेटासाठी जातो, दुसरा रिकामाच असतो. पण स्टेट थेट त्याच्या इनपुटला लावली तर सगळे उलटे होते. ड्रायव्हर सिग्नल उलटवतो आणि आरएस-२३२ मध्ये कंट्रोल लाइन चालू म्हणजे धन व्होल्टेज. म्हणजे जोडणी झाली की सीटीएस बंद! म्हणून मधे एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर: स्टेटपासून १० के मधून बेस, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर १० के मधून ३.३ व्होल्टला आणि तिथूनच ड्रायव्हरच्या १० नंबरच्या पायाला. ७ नंबरच्या पायावरचे आउटपुट यंत्राच्या १, ६ आणि ८ पिनांना. आधीचे शॉर्ट काढायला विसरू नका, नाहीतर यंत्राचे आणि तुमचे ड्रायव्हर एकमेकांशी भिडतील. तीन रिसीव्हर एकाच ड्रायव्हरवर येतात, तेव्हा जोडलेल्या स्थितीत व्होल्टेज मोजा. +३ व्होल्टच्या बरेच वर हवे. स्टेटही सोल्डरिंगआधी तपासा. काही बोर्डांवर ती स्थिर न राहता लुकलुकते. तसे असेल तर मॉड्यूलच्याच ३२ नंबरच्या पायावरून तार घ्या.

एक ट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर, सगळे खणातलेच. यानंतर सीटीएस पाळणारे यंत्र जोडणी नसताना डेटा धरून ठेवते. या मॉड्यूलबद्दल सर्वांत जास्त समाधान याच गोष्टीचे आहे.

मर्यादाही आहे. समोरच्याने रीतसर जोडणी बंद केली तर स्टेट लगेच पडते. लॅपटॉप रेंजबाहेर गेला तर मात्र लिंक मेली हे ठरायला ब्लूटूथच्या मूळ नियमाप्रमाणे २० सेकंद लागू शकतात. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे तेवढ्यात १९,२०० बाइट येऊन पडतात आणि मॉड्यूलचा बफर एवढा नाही. एकेक वजन पाठवणाऱ्या काट्याला चालते, लांबलचक फाइलला चालत नाही.

ऑप्टिकल केबलच्या मल्टिमीटरचे दुखणे वेगळे. तिथे डीटीआर (पिन ४) आणि आरटीएस हे सिग्नल नसून केबलचा वीजपुरवठा असतात, बहुधा डीटीआर धन आणि आरटीएस ऋण. मोकळ्या ड्रायव्हरचे इनपुट ग्राउंडला लावले की आउटपुट कायम धन राहते, ते ४ नंबरच्या पिनला द्या. ऋण व्होल्टेज मॅक्स३२३२ च्या ६ नंबरच्या पायावर मिळते; ते एक किलोओहम मधून कनेक्टरच्या ७ नंबरच्या पिनला.

संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये डीटीआर चालू-बंद करून काही होत नाही म्हणून संगणकातला ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) पुन्हा टाकत बसू नका. आरएफकॉममध्ये (ब्लूटूथवर सिरियल पोर्टची नक्कल करणारा प्रोटोकॉल) हे सिग्नल पाठवायची सोय आहे, ते हवेतून जातातही. पण बोर्डावर त्यांच्यासाठी पिनच नाही.

मॉडबस आरटीयू या कारखान्यातल्या यंत्रांच्या सिरियल प्रोटोकॉलसाठी हे घेऊ नका. तिथे ३.५ अक्षरांची शांतता म्हणजे फ्रेमचा शेवट, ९६०० ला सुमारे ४ मिलिसेकंद, आणि ब्लूटूथ डेटा पाकिटांत तोडून पाठवते, त्यामुळे एकाच फ्रेमच्या मधोमध तेवढी फट सहज पडते. आरटीएसने दिशा बदलणारा आरएस-४८५ कन्व्हर्टरही बाद, कारण बोर्डावर आरटीएसची पिनच नाही. फाइल पाठवताना खरा हार्डवेअर हँडशेक हवा असेल तर मॉड्यूलच्या ३ आणि ४ नंबरच्या पायांवर सीटीएस-आरटीएस आहेत खरे, पण यूएआरटीच्या (सिरियल पोर्ट ठरवणाऱ्या) आज्ञेत बॉड, स्टॉप बिट आणि पॅरिटी एवढेच मिळते. फ्लो कंट्रोल चालू करायला जागाच नाही. अशा ठिकाणी आरटीएस-सीटीएस बोर्डावर बाहेर काढलेले आणि फर्मवेअरमध्ये चालू होणारे मॉड्यूल घ्या, किंवा केबल तशीच राहू द्या.