गळती एक, बिलं दोन

स्वतःला लीकेज स्पेशालिस्ट म्हणवणाऱ्या एका ठेकेदाराने नेरूळमध्ये आम्हाला आणि आमच्या वरच्या काकूंना एकाच गळतीसाठी वेगवेगळं लुटलं. तो अजून याच भागात कामं घेतोय, म्हणून लिहितो आहे.

आमच्या बाथरूमच्या छताला ओल धरली होती, रंगाचे पोपडे सुटत होते. हा आला, छतावर टकटक केलं आणि म्हणाला, "साहेब, स्लॅबला भेगा आहेत. वरच्यांकडे जाऊ नका, उगाच भांडणं होतील. मी खालूनच बंद करतो." सगळी मेख या "जाऊ नका"मध्ये होती. छताला भोकं पाडली, नोझल ठोकले, पंपाने केमिकल भरलं, वरून पांढरं सिमेंट फासलं. अठरा हजार रुपये, दहा वर्षांची गॅरंटी!

मग तोच वर गेला. "खालचे सोसायटीत तक्रार करणार आहेत, तुमच्या फरशीच्या सांध्यांतून पाणी जातंय," असं सांगून सांधे भरायचे बारा हजार काकूंकडून उकळले. काकू जिन्यात तोंड फिरवू लागल्या. आम्हाला कारण कळेना.

ओल पुन्हा आली, फक्त वीतभर सरकून. शेवटी बायको सरळ वर गेली आणि दोन्ही बिलं समोरासमोर आली. जीएसटी नंबर 24 ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर टाकला तर निघालं कापडाचं दुकान. याचा फोन तोवर बंद.

मग सेक्टरमधल्या साध्या प्लंबरने काकूंच्या बाथरूममधला नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं, पाणी पाइपात सोडणारं भांडं) कापड कोंबून बंद केला, बोटभर पाणी भरलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. खाली थेंब नाही. बोळा काढला, पाणी वाहू लागलं, आणि थोड्याच वेळात आमच्याकडे टपटप सुरू. म्हणजे फरशी ठीक, स्लॅबही ठीक. ट्रॅपचा जोड गेलेला. (कोणी आंघोळ केली नाही तरी रात्रंदिवस ठिबकत असेल, तर आधी नळाची लाइन तपासायची, असंही तो म्हणाला.) ही परीक्षा न करता ड्रिल बाहेर काढणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खर्चावरून वाद झाला नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सामायिक पाइप आणि पावसाची गळती सोसायटीकडे, फ्लॅटच्या आतली गळती त्या सभासदाकडे. ट्रॅप काकूंनी बदलला, छत आम्ही रंगवलं.

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पैसे मात्र अजून आलेले नाहीत. जुईनगर, सीवूड्सकडे कोणाला निळ्या थेंबाच्या लेटरहेडवर असंच बिल मिळालं असेल, तर ते फाडू नका. एकत्र मिळून पोलिसांकडे जायचं आहे.