बोटीचा फ्युएल गेज: घरीच बघायचा की डीलरकडे द्यायचा?

मालवणच्या एका दादाने विचारलं, टाकी फुल असूनही काटा रिकामीच दाखवतो, काय करू? मी दोन्ही करून बघितलंय.

खर्चाचं म्हणाल तर बहुतेक वेळा गेज ठीक असतो, बिघडतो तो टाकीतला सेंडर (इंधनाची पातळी मोजून गेजला कळवणारा भाग) नाहीतर खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं अर्थिंगचं टर्मिनल. अमेरिकन पद्धतीच्या गेजला (सेंडरचा विद्युत रोध रिकामी टाकी २४० ओहम, फुल ३३) सेंडरची वायर काढून क्षणभर अर्थला टेकवा, काटा फुलवर गेला तर गेज आणि वायर चांगली. युरोपियन सेंडर उलटा, रिकामी १०, फुल १८०, म्हणून नवा घेताना गेज-सेंडरची जोडी जुळवाच. माझ्या डीलरने हे न तपासता अख्खा गेज बदलला, बिल लावलं, आणि काटा तिथेच! राग आला खरंच.

वेळ: घरी एक दुपार, डीलरकडे सीझनमध्ये बोट अडकून पडते.

पेट्रोलची टाकी उघडायची असेल किंवा वास येत असेल तर मात्र हात लावू नका, ठिणगी पुरते.

वॉरंटी चालू असेल किंवा डिजिटल डिस्प्ले असेल तर डीलर. जुनी बोट, साधा काटा, हाताशी मल्टिमीटर असेल तर आधी घरीच तपासा.