पद्मिनी, इलेक्ट्रिक फॅन आणि १७० रुपयांचं झाकण: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी भेटेल त्याला मी सांगत होतो, जुन्या फियाटला मारुती ८००चा इलेक्ट्रिक फॅन लावा आणि निवांत झोपा. ती स्तुती मागे घेतो आहे. सगळी नाही, अर्धी. उरलेली अर्धी का ठेवली ते पुढे येईलच. ज्यांनी माझ्या नादाने फॅन लावून घेतला त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

गाडी १९८२ची प्रीमियर पद्मिनी, बाबांची. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, डायनॅमोवाली (म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र; पुढे त्याच्या जागी ऑल्टरनेटर आला). या डायनॅमोवरच माझं घोडं पेंड खाणार होतं, पण तेव्हा कुठे ठाऊक. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे एकदा जरी नीट तापली तरी हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि खिशाला भोक पडतं. म्हणून तापमानाचा काटा जरा वर गेला की माझा जीवही वर जातो.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर गाडी उकळली. सुट्टीचा दिवस, घाट तुंबलेला, दोन्ही कडेला नव्या गाड्यासुद्धा बॉनेट उघडून उभ्या, म्हणून फारशी लाज वाटली नाही. बाबांच्या काळी पाच लिटरचा कॅन डिकीत असायचाच. तो मी 'आता कशाला' म्हणून काढून टाकला होता. पाऊण तास थांबलो, शेजारच्या ट्रकवाल्याने पाणी दिलं, तेही इंजिन कोमट झाल्यावरच घातलं.

पुण्यात आल्यावर मिस्त्री म्हणाला, "काका, जुना फॅन काय वारा मारणार? इलेक्ट्रिक टाकू." आधीच्या कुणा मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकला होता, तेही याच वेळी कळलं. 'थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते' ही समजूत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. बंद पडलेला थर्मोस्टॅट बदलायचा, तर तो काढूनच टाकायचा, म्हणजे चष्म्याची काच फुटली म्हणून डोळे मिटून चालण्यासारखं. थंडीत सकाळी माझी गाडी तीन किलोमीटर चोक ओढून चालायची आणि मी कार्ब्युरेटरला शिव्या द्यायचो.

तर फॅन. भंगारातून ९००, थर्मो स्विच ४५०, रिले आणि वायर ३००, मजुरी ८००. एकूण २४५०. पट्ट्यावरचा मूळ फॅन काढला, "इंजिनाचा भार हलका होईल" म्हणून. पहिले तीन महिने मी हवेत होतो. लक्ष्मी रोड, गणपतीतली गर्दी, टिळक चौकात वीस मिनिटं, काटा जागचा हलला नाही. फॅन भर्रकन सुरू व्हायचा, दीड मिनिटात बंद. बायको म्हणाली, "गाडीपेक्षा फॅनचंच कौतुक चाललंय." खरंच होतं.

नोव्हेंबरात हडपसरला लग्नाहून परतताना रात्री साडेदहाला सिग्नलवर गाडी बंद पडली. हेडलाइट पिवळे झाले, मग लाल, मग काहीच नाही. ढकलून सुरू केली. लग्नाचा सूट घालून गाडी ढकलण्याचा मान या वयात मिळाला. दुसऱ्या दिवशी कारण समजलं आणि स्वतःचाच राग आला, कारण ते दहावीच्या विज्ञानाचं होतं. डायनॅमो कमी फेऱ्यांवर जवळपास काहीच देत नाही; म्हणून तर सिग्नलला उभं राहिलं की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. आणि फॅन नेमका तेव्हाच लागतो, गाडी उभी असताना. त्यात हेडलाइट. म्हणजे सगळा खर्च बॅटरीच्या शिलकीतून. ऑल्टरनेटरवाली पद्मिनी असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. डायनॅमोवाली असेल तर दोनदा वाचा. मला ऑल्टरनेटर बसवायचा भाव ६५०० सांगितला. एका फॅनसाठी ६५००! नाही म्हणालो.

इथपर्यंत माझं मत असं होतं की फॅन उत्तम, गाडीची वीज कमी. डिसेंबरात तेही बदललं.

पुन्हा खंबाटकी. थंडी, रिकामा रस्ता, तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसचा वेग, फॅन चालू, आणि तरी काटा वर. आता माझ्याकडे आकडे दाखवणारं वेगळं गेज होतं (७५० रुपये, या सगळ्या व्यवहारात सगळ्यात शहाणी खरेदी). त्यावरचा आकडाही चढतच चालला! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाडी उभी असताना तापते आणि धावताना निवते, तर वाऱ्याचा प्रश्न, फॅन बघा. गाडी धावताना, चढावर तापते, तर फॅनचा काही संबंध नाही. समोरून वारा येतोच आहे. मग पाणी नीट फिरत नाही, किंवा रेडिएटर तुंबलाय, किंवा इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलंय. मे महिन्यात दोन्ही एकदम होतं म्हणून फॅनने अर्धा आजार झाकला. दोष फॅनचा नाही. आजार एक आणि औषध भलतंच.

रेडिएटर उघडला. रेडिएटरवाल्याने वरची टाकी काढून नळ्या दाखवल्या: निम्म्या बुजलेल्या. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे, गिझरची कॉइल दर दोन वर्षांनी पांढरी होऊन जाते, आणि मी तेच पाणी चाळीस वर्षांच्या इंजिनात भक्तिभावाने घालत होतो. ब्लॉक धुतला तेव्हा आधी चहाच्या रंगाचं आणि मग चक्क विटेच्या रंगाचं पाणी निघालं. रिकोअर, म्हणजे आतली नळ्यांची जाळी नवी, ५२००. थर्मोस्टॅट ३८०, ८२ डिग्रीला उघडणारा. बसवण्याआधी घरी पातेल्यात उकळून तपासला. ८२च्या आसपास हलला, नव्वदीत पूर्ण उघडला. पातेलं कुठलं हे बायकोला कळल्यावर जे झालं ते इथे लिहीत नाही. थर्मोस्टॅटच्या कडेला तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, अडकलेली हवा निघून जाते.

कूलंट ५६०. यावर लोक भांडतात. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच सरस आहे, कूलंट घालायचं ते गंजासाठी आणि उत्कलनबिंदू थोडा वर जावा म्हणून. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं-निम्मं करण्याची गरज नाही. मी एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड वॉटर ठेवतो. ॲल्युमिनियम हेडवाल्यांनी नळाचं पाणी घालू नये. बोअरचं तर नाहीच नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

फेब्रुवारीत पाचगणीला निघालो. नवा कोअर, नवा थर्मोस्टॅट. खंबाटकी ९४ वर पार केली, गुणगुणत. वाईत भजी खाल्ली. पसरणी घाट जवळपास संपत आला आणि गेजवर ९७ असताना भस्सकन वाफ. ९७! शंभरसुद्धा नाही. नवीन रेडिएटर, ५२०० रुपये, आणि वाफ. मी बॉनेटवर हात आपटला, तो भाजला.

गाडी निवल्यावर पाणी भरून उतारावरून परत वाईत आलो. चहाच्या टपरीवरचे गृहस्थ तरुणपणी मुंबईत काळी-पिवळी चालवायचे. (तिकडची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली, वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ला बंद झाली. तेव्हापासून सुटे भागही आटत चाललेत.) त्यांनी इंजिन चालू करायला लावलं, नीट गरम होऊ दिलं आणि फडकं धरून वरचा होज पाइप दाबला. "दादा, हा कडक लागला पाहिजे. हा तर मळलेल्या कणकेसारखा आहे. झाकण बदला."

झाकण. रेडिएटरचं झाकण. आठ महिन्यांत चार जणांनी ते काढलं, आत डोकावले आणि परत लावलं. एकानेही झाकणाकडे बघितलं नाही. मीही नाही.

झाकणाचं काम आतला दाब धरून ठेवायचं; दाब जितका जास्त तितकं पाणी उशिरा उकळतं. हिशेब बघा, मी रात्री बसून केला. पुण्यात उघडं पाणी ९८ला उकळतं. पाचगणी सुमारे १३०० मीटरवर, तिथे ९६च्या आत. झाकणाची स्प्रिंग शाबूत असेल आणि ते सात पौंडांचा दाब धरत असेल, तर तेच पाणी पुण्यात ११० आणि पाचगणीत १०८च्या आसपास उकळेल. म्हणजे गेजवरचा ९७ एका झाकणाखाली अगदी ठीक, दुसऱ्या झाकणाखाली वाफ. इंजिन तेच, घाट तोच. पुण्यातल्या रेडिएटरवाल्याने माझं झाकण हातपंपाच्या टेस्टरवर लावलं तेव्हा सुई हललीच नाही. रबर लाकडासारखं झालेलं, स्प्रिंग नावापुरती.

नवं झाकण नाना पेठेत १७०ला मिळालं. घेताना दोन गोष्टी. एक, जास्त ते चांगलं समजून नव्या गाड्यांचं ०.९ किंवा १.१ बारचं (आपले सात पौंड म्हणजे साधारण अर्धा बार) झाकण या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला लावू नका, डाग दिलेले सांधे फुटतील. दोन, ओव्हरफ्लोची नळी बाटलीत सोडणार असाल तर झाकणाला वरच्या बाजूलाही रबर असलेलं घ्या. नाहीतर गाडी निवताना बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही, नुसती हवा शिरते. मी बाटली भंगारातलीच लावली, फुकट मिळाली.

मार्चमध्ये पुन्हा पसरणी. भर दुपारी. काटा ९५, एका वळणावर ९८, वाफ नाही, पाण्याचा एक थेंब कमी नाही. पाचगणीच्या नाक्यावर इंजिन चालू ठेवून पाइप दाबून बघितला. कडक.

एकूण खर्च ९५१०. त्यातले १७० आधी केले असते तर? प्रामाणिकपणे, रिकोअर तरीही लागलंच असतं. त्या बुजलेल्या नळ्या मी डोळ्यांनी बघितल्या आहेत. पण निदान खंबाटकीत मे महिन्यात उकळली नसती आणि फॅनच्या नादी लागलो नसतो. माझ्या मते क्रम असा हवा होता: झाकण, पट्टा, टायमिंग, थर्मोस्टॅट, रेडिएटर, आणि फॅन सगळ्यांत शेवटी. मी बरोबर उलटा गेलो.

फॅनचं काय केलं? मूळ फॅन पट्ट्यावर परत बसवला. सुदैवाने माळ्यावर ठेवला होता, आमच्या घरात काही फेकत नाहीत. इलेक्ट्रिक फॅन ग्रिलच्या मागे ठेवून त्याला डॅशखाली साधं बटण दिलं. दिवसा गर्दीत लावतो. रात्री हेडलाइट असताना हात लावत नाही. आठ महिन्यांत २४५० रुपयांचा टेबल फॅन झाला त्याचा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, पण ती पाण्याची नाही. भर उन्हात गाडी थांबवून दहा मिनिटांनी सुरू केली की कधी कधी इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी आचके देते. लोक यालाही 'गाडी तापली' म्हणतात आणि रेडिएटरवर पाणी ओततात. गेज बघा, ८५ असेल तर रेडिएटरला त्रास देऊ नका, पंपावर ओलं फडकं ठेवा. बाबा हेच करायचे.

नाना पेठेतल्या त्या दुकानात अशी दोनच झाकणं उरली होती. एक मी घेतलं, दुसरं 'कशाला उगाच' म्हणून सोडलं. मंगळवारी तिकडे जायचंच आहे.