बर्कनहेड पार्क: पाऊस पडून गेल्यावर बघा, मग मत बनवा

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या या बागेचा जोसेफ पॅक्सटनने केलेला आराखडा, १८५० मध्ये इथे येऊन गेलेला अमेरिकन उद्यानरचनाकार ओल्मस्टेड आणि पुढे त्याने घडवलेलं न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, हे बहुतेकांना ठाऊक असतं. उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा इथे फिरून झाल्यावर मला या बागेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिचं पाण्याचं काम. बाकी कौतुक त्याच्यानंतर.

जागा मुळात दलदलीची, चिकणमातीची चराऊ जमीन. पॅक्सटनने दोन तळी खणून घेतली आणि निघालेल्या मातीचे उंचवटे करून त्यांवर दाट झाडी लावली. आजूबाजूचं पाणी तळ्यात उतरतं आणि उंचवट्यांमुळे पायवाटेवरून अख्खं तळं एकदम दिसत नाही. एकाच खोदाईत निचराही झाला आणि आडोसाही. जागेवर राहून हे काम करून घेतलं एडवर्ड केम्पने. त्याचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं.

उन्हाळ्यात मात्र खालच्या तळ्याबद्दल माझं मत बरं नव्हतं. उथळ, संथ पाणी, गढूळ रंग. हिवाळ्याच्या सततच्या पावसात ते मत बदललं. हे तळं शोभेपेक्षा निचऱ्यासाठी आहे हे तेव्हा नीट कळतं. चिकणमातीत पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून मोकळ्या हिरवळीवर पाऊस थांबल्यावरही पाय रुततो. तेव्हा बाबागाडी असेल किंवा भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर गवतातून आडवं जाऊ नका, पक्क्या वाटेनेच जा. साधे कापडी बूट नकोत.

बदकांना पाव टाकू नका. न खाल्लेला पाव तळाशी कुजतो, त्यातून शेवाळाला खाद्य मिळतं. उन्हात पाण्यावर निळसर-हिरवा तवंग दिसला तर मुलांना आणि कुत्र्यांना पाण्यापासून लांब ठेवा, तो विषारी असू शकतो.

खर्चाचा हिशेबही मला फार आवडतो. सरकारी परवानगीने सार्वजनिक पैशातून २२६ एकर जमीन घेतली, त्यातली १२५ एकर लोकांना कायमची फुकट वापरायला ठेवली आणि कडेचे प्लॉट बंगल्यांसाठी विकून पैसा उभा करायचं ठरवलं. आजही तिकीट नाही. फ्लास्कमध्ये चहा आणि डब्यात पोहे घेतले की चौघांची दुपार रेल्वेच्या भाड्यात निघते.

स्विस ब्रिज हा छप्पर असलेला लाकडी पूल आणि रोमन बोटहाउस, दोन्ही खालच्या तळ्यावरच आहेत. वेळ कमी असेल तर तेवढंच करा. वरच्या भागात जायला अॅशव्हिल रोड ओलांडावा लागतो. तिथे गाड्या धावत असतात, मुलांचा हात धरा.

लिव्हरपूलहून येताना विरल (Wirral) या रेल्वेमार्गाची न्यू ब्रायटन किंवा वेस्ट कर्बीची गाडी घ्या आणि बर्कनहेड पार्क स्टेशनला उतरा. चेस्टर किंवा एल्समेर पोर्टच्या गाडीत बसलात तर ती हॅमिल्टन स्क्वेअरनंतर दुसरीकडे वळते. तसं झालं तर हॅमिल्टन स्क्वेअरलाच उतरून गाडी बदला.